आमचे व्याही आणि एल्सीबाई

देवाने आमच्या व्याह्यांना डोळे दिले ते भिंतीवरची सॉकेटं बघायला. माणसं त्यांना अधूनमधून दिसतात, तीही एखाद्या सॉकेटाच्या आड आली तर. हे मी विहीण म्हणून खवचटपणे सांगत नाही. कर्जतच्या बाजारपेठेत कुणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग आपल्या दुकानाबाहेरचा विजेचा बोर्ड झाकलेला आहे ना ते बघेल. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला ते पहिल्यांदा आमच्याकडे खालापूरला आले, तेव्हा आत मनीषा पोह्यांच्या बश्या घेऊन उभी, तिचा होणारा नवरा सोफ्यावर घाम पुसत बसलेला, आणि व्याही दाराबाहेर चपलांच्या ढिगात उकिडवे बसून अंगणातल्या बोर्डाकडे टक लावून बघतायत. आमचे हे म्हणाले, "अहो, आत या ना." तर म्हणाले, "येतो. पण हा बोर्ड पावसात असा उघडाच असतो?" आमच्या ह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की नाही, पावसाळ्यात आम्ही त्यावर दुधाची पिशवी बांधतो. व्याह्यांनी बोर्डाकडे आणखी एकदा बघितलं. मग उठून गुडघे झटकले, आत आले, एक घास पोहे खाल्ले आणि म्हणाले, "मुलगी पसंत आहे. पिशवी काढा."

खोपोलीकडच्या एका कागदाच्या कारखान्यात ते इलेक्ट्रिक खात्याचे सुपरवायझर होते. "कागदाचा कारखाना म्हणजे काय विहीणबाई, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वीज आणि मधे मी," असं ते सांगतात, आणि सांगताना दोन्ही हात असे पसरतात की शेजारच्या माणसाने चहाचा कप सांभाळावा. तिथून रिटायर झाल्यावर पाणी आणि वीज यांच्या मधे उभं राहायची त्यांची सवय काही सुटली नाही. लोक खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावतात. साखरपुड्याला भटजींनी कसल्याशा कागदावर सही मागितली तर यांनी ऐटीत खिशातून टेस्टर काढला आणि कागदावर टेकवला. भटजी म्हणाले, "यात करंट नाही हो." व्याही शांतपणे म्हणाले, "बघितल्याशिवाय कसं कळणार?" आणि मग माझ्याकडून पेन मागून घेतलं.

कुणी बटणाकडे हात नेला की ते "हात कोरडे आहेत ना?" असं विचारतात. हे विचारताना आवाज खाली, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असा, जणू खाजगी काही विचारतायत. मनीषा सून होऊन त्यांच्या घरी गेली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटायचं की सासऱ्यांना आपल्या हातांबद्दल काही शंका आहे. आणि त्यांचे नियम. घराबाहेरचं सॉकेट म्हटलं की त्याला झाकण पाहिजे, झाकणाला स्प्रिंग पाहिजे, झाकणाच्या कडेला रबर पाहिजे, तार वरून कधीच आत शिरता कामा नये, ती खालूनच यायला पाहिजे, आणि येण्याआधी तिने खाली झोल घेतला पाहिजे, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या टोकाशी गळून पडतं, डब्यात जात नाही. हा झोल त्यांनी मला आमच्या जेवणाच्या टेबलावर समजावला. मी शेवयांची खीर केली होती. त्यांनी वाटीतून एक लांब शेवई उचलली, तिचं एक टोक दोन बोटांत धरलं, दुसरं दुसऱ्या हातात, मधे झोल सोडला आणि म्हणाले, "आता बघा, दूध कुठे गळतंय." दूध माझ्या नव्या टेबलक्लॉथवर गळत होतं. पण खरं सांगते, नियम कायमचा माझ्या लक्षात राहिला.

आमच्या भागात त्यांना काम कमी नाही. फार्महाऊसं झाली, पोहायचे तलाव झाले, तलावाच्या काठावर गाणी लावायला उघडे बोर्ड झाले. एका नातेवाइकाच्या वाढदिवसाला अशाच एका ठिकाणी गेलो, तर सगळे पाण्यात आणि व्याही काठावर, पूर्ण कपड्यांत, एका एक्स्टेंशन बोर्डावर छत्री धरून. ऊन कडक होतं. छत्री बोर्डावर, डोकं उन्हात. मालकाने येऊन विचारलं, "काका, तुम्हाला पोहता येत नाही का?" ते म्हणाले, "येतं. याला येत नाही."

तर अशा माणसाच्या नजरेला आमच्या घरची ती गोष्ट पडायला नको होती. मनीषाने बॅटरीची स्कूटर घेतली. ती कर्जतहून चौकमार्गे आमच्याकडे यायची आणि आल्याबरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर टाकून अंगणात स्कूटर चार्जिंगला लावायची. वायर जायची धुण्याच्या दगडावरून. एकदा व्याही तिच्या मागे बसून आले, त्यांनी तो दगड बघितला, दगडावरचं साबणाचं पाणी बघितलं, पाण्यात पडलेली वायर बघितली, आणि पाण्याचा पेलाही न घेता आल्या पावली एसटीने परत गेले. आम्हाला वाटलं, मानपानात काही चुकलं. दुसऱ्या दिवशी ते एक पिशवी घेऊन हजर. पिशवीत एक राखाडी डबा, पुढे छोटं दार, आत मोठं तीन भोकांचं सॉकेट, बाजूला बटण, बटण दाबलं की लागणारा बारीक लाल दिवा. आणि सोबत एक खटका. "ही आमच्याकडून भेट," ते म्हणाले. "स्कूटर आमची, अंगण तुमचं, सॉकेट मानाचं."

त्यांनी डबा तुळशीशेजारच्या भिंतीवर बसवला. सगळं नियमाने केलं, तारेला झोल दिला, रबर बोटाने चाचपून बघितलं. खटका आत पॅसेजमधल्या मेन बोर्डावर बसवला, सगळ्या घराला मिळून एक. कुठेही करंट गळायला लागला की तो आपोआप पडतो आणि घराची वीज जाते, माणूस वाचतो. त्याला ईएलसीबी म्हणतात. आमच्या सासूबाई, वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान शाबूत, त्या ओटीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "काय बसवली म्हनं? कोन एल्सीबाय?" तेव्हापासून घरात तिचं नाव एल्सीबाईच पडलं. काम संपल्यावर व्याह्यांनी माझ्याकडे हळदकुंकू मागितलं. नवीन यंत्र, नवी गाडी, नवी मोटार, आपल्याकडे कुणी तसंच वापरायला काढत नाही. त्यांनी डब्याला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, नारळ फोडला, हात जोडले, डोळे मिटून उभे राहिले आणि मग ते छोटं दार हलक्या हाताने लावलं. मीसुद्धा हात जोडले. कुणाला काय ठाऊक पुढे काय होणार.

चार-आठ दिवस बरे गेले. मग एका सकाळी मी न्हाणीघरात, डोळ्यांना साबण, आणि टक करून अंधार. बाहेर आमच्या ह्यांचा मिक्सर चटणी अर्धवट ठेवून बंद. एल्सीबाई पडली होती. ह्यांनी खटका उचलला, वीज आली, आम्ही विसरलो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळी मी साबण लावायच्या आधी देवाचं नाव घेतलं, तरी तेच. बाकी दिवसभर एल्सीबाई अगदी शहाण्यासारखी उभी असायची. सकाळी आम्ही आवराआवरीत असलो की आडवी. व्याह्यांना फोन केला तर ते इतके खूश झाले की काय सांगू. "म्हणजे कुठेतरी गळती आहे," ते म्हणाले. "खटका नसता तर तुम्हाला कळलंच नसतं." मी म्हटलं, कळलं असतं तरी चाललं असतं, मला अंघोळ करू द्या. पण ते तोवर मुंग्यांवर गेले होते. मुंग्या, पाली, दव, गीझरची कॉइल, मिक्सरची वायर, पाण्याची मोटार, एकेका संशयिताची नावं ते फोनवर घेत गेले आणि आम्ही एकेकाला बंद करून बघत गेलो. एक आठवडा गीझर बंद. पुढचा आठवडा चटणी पाट्यावर. एल्सीबाई पडायची ती पडतच होती.

मग ते स्वतः तपासाला आले, मनीषाच्या स्कूटरवर मागे बसून, मुक्कामाच्या तयारीने. पहाटे उठून मेन बोर्डासमोर खुर्ची टाकून बसले, मांडीवर टॉर्च, हातात टेस्टर, आणि कुणाला तिथून जाऊ देईनात. एल्सीबाई पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी मी पुन्हा साबण लावून अंधारात. असं दोनतीनदा झालं. ते आले की ही पतिव्रता, ते गेले की हिची थेरं सुरू. आमचे हे म्हणाले, "तुझ्या व्याह्याला बघून ती लाजते." व्याही मात्र आतून पार खचले. जेवताना त्यांचं लक्ष नसायचं. झोल दाखवायला त्यांनी शेवईसुद्धा उचलली नाही. "विहीणबाई," ते मला हळूच म्हणाले, "ती खोटं बोलत नाही हो. काहीतरी गळतंय. मला दिसत नाही, एवढंच." त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा ती भीती जरा नाटकी वाटली.

आमचे हे सरकारी कचेरीतून रिटायर झालेले; कुठल्याही गोष्टीला "बघू" म्हणणारा माणूस. पण एका सकाळी अर्धवट दाढीत वीज गेली आणि ते "बघू" म्हणाले नाहीत. गावातल्या वायरमनला त्यांनी फोन लावला आणि सांगितलं, उद्या ये, तो खटका काढ, वायर डायरेक्ट कर. मी मधे पडले. व्याह्यांनी मानाने दिलेली वस्तू आपण काढून टाकायची? लेक त्यांच्या घरात नांदते. मनीषाला फोन केला तर ती रडकुंडीला. "आई, सासऱ्यांना कळलं तर ते जेवायचे नाहीत गं. आणि मी तरी त्यांना कसं सांगू?" ह्यांचं म्हणणं, सांगायचंच कशाला, काढायचा आणि गप्प बसायचं. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. एकीकडे नवऱ्याची दाढी, एकीकडे लेकीचं सासर. तिसरी कुणी बाई या भांडणात आहे हे आम्हा दोघांच्या स्वप्नातही नव्हतं.

मनीषाने न राहवून सांगितलंच असणार, कारण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता व्याही दारात. या वेळी स्कूटर नाही, लेक नाही, एकटेच, पहिल्या गाडीने. चिडलेले नव्हते. ह्यांना म्हणाले, "काढायचा तर काढा. घर तुमचं. पण आजची एक सकाळ मला बसू द्या, मग काढा." हे ओशाळून "बघू" म्हणाले. व्याही या वेळी बोर्डासमोर बसले नाहीत. थकले होते, म्हणून स्वयंपाकघरात माझ्याजवळ स्टुलावर बसले. मी चहा टाकला. समोरच्या खिडकीतून अंगण दिसतं, तुळस दिसते.

सासूबाई न्हाऊन आल्या. ओलं लुगडं, हातात पाण्याने भरलेला तांब्या, तांब्यावर जास्वंदीचं फूल. त्यांनी तुळशीला पाणी घातलं, प्रदक्षिणा घातली. रोजचंच. मी गाळणं शोधत होते. मग त्या तुळशीशेजारच्या भिंतीकडे वळल्या. राखाडी डब्याचं छोटं दार त्यांनी उघडलं. बटण दाबलं. आत लाल दिवा लागला. त्यांनी तांब्यात बोटं बुडवली.

व्याही ओरडले नाहीत. ओरडलं तर म्हातारी दचकेल, हात आत जाईल, एवढं त्यांना त्याही क्षणी सुचलं असावं. ते स्टूल पाडून पॅसेजमधल्या मेन बोर्डाकडे धावले. ते पोहोचायच्या आत टक आवाज आला. एल्सीबाई पडली होती. व्याही तिच्याखाली भिंतीला पाठ टेकून तसेच जमिनीवर बसले, आणि खिशातला टेस्टर गळून पडला तरी त्यांना कळलं नाही. मी अंगणात धावले. सासूबाई समाधानाने बटण बंद करून डब्याचं दार लावत होत्या.

"आई, काय करता हे?" मी ओरडलेच.

"काय म्हंजे? पूजा," त्या म्हणाल्या. "रोज करतेय. पाणी शिंपडते, फूल टेकवून तुळशीला वाहते, देव दिवा इझवतो. दिवा इझला म्हंजे त्यानं पूजा घेतली." मग जरा जवळ येऊन, गुपित सांगावं तसं, "लई जागृत हाय गं सूनबाय. बोटाला झनझन येते."

आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते, त्यांचा चेहरा पांढराफटक. "आई, तो देव नाही, सॉकेट आहे," ते कसंबसं म्हणाले. सासूबाई त्यांच्यावर डाफरल्या. "मी येडी हाय का रं? पावन्यांनी सोता बसवला. नारळ फोडला, हात जोडलं, दार लावलं. तुझ्या बायकूनं पन हात जोडलं. तीन डोळं हायत त्याला. देव नाय तर काय?" मी विचारलं, मग मनीषा असते तेव्हा पूजा का नाही करत? "तवा त्याच्या तोंडात त्या गाडीची नळी आसते ना. देव कामात आसल्यावर कशी पूजा करायची?" व्याही तोवर उठून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणत राहिले, "नारळ मी फोडला. नारळ मीच फोडला हो."

थोड्या वेळाने वायरमन आला. "कुठला खटका काढायचा?" त्याने विचारलं. आमचे हे म्हणाले, "काही काढायचं नाही. बस, चहा घे." आणि आत जाऊन बराच वेळ देवघरासमोर बसून राहिले.

व्याह्यांनी त्याच दिवशी त्या डब्यातल्या तारा काढल्या, त्यांची टोकं गुंडाळून भिंतीत बंद केली, आणि स्कूटरसाठी दुसरं सॉकेट दुसऱ्या भिंतीवर, सासूबाईंचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचावर बसवलं. जुना डबा मात्र तसाच ठेवला. तो काढायची कुणाची हिंमत नव्हती. धोका गेला, पण घरातलं दुखणं तिथून सुरू झालं. दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी दार उघडलं, बटण दाबलं, दिवा लागला नाही. पाणी शिंपडलं, झणझण नाही. त्यांनी पुन्हा एकदा बटण दाबून बघितलं. आत येऊन म्हणाल्या, "देव गेला." आणि त्यांनी चहा सोडला. आमच्या सासूबाईंनी चहा सोडणं ही साधी गोष्ट नव्हती. दीर गेले तेव्हासुद्धा त्या चहा प्यायल्या होत्या. ह्यांनी पुन्हा पुन्हा समजावलं, आई, ते बटण होतं. त्या म्हणायच्या, "तुला देवात बटन दिसतंय, मला बटनात देव. आपलं कसं जमायचं?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मला वाटायला लागलं, शॉकमधून वाचली आणि आता हिरमुसून जाते की काय.

शेवटी मीच व्याह्यांना बोलावलं. ते आले, सासूबाईंच्या खाटेशेजारी खाली बसले, बराच वेळ पंच्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "आजी, चूक माझी झाली. देव बसवला आणि त्याचं काय चालतं, काय चालत नाही ते सांगायचं राहिलं. हा देव कडक आहे."

सासूबाई उठून बसल्या. आमच्याकडे कडक देव म्हटलं की माणूस सावरून बसतो. शिवेवरच्या देवाला चामडं चालत नाही, टेकडीवरच्याला शिट्टी चालत नाही, एका देवाच्या पुढ्यातून लाल लुगडं नेसून जायचं नाही. का, असं कुणी विचारत नाही. वावडं म्हणजे वावडं.

"याला कशाचं वावडं?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचं," व्याही म्हणाले. "ओल्या हाताचं. ओल्या पायाचं. याच्यापुढे अनवाणी यायचं नाही, रबरी चपला घालून यायचं. फूल वाहायचं तर वाळलेलं, तेही दाराबाहेर. दार फक्त दसऱ्याला उघडायचं, तेही मी. मी त्याचा पुजारी."

"आनि दिवा का लागंना?"

व्याह्यांनी पंच्याची घडी घातली. विजेच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात खोटं बोलला नव्हता. वायर ढिली असेल तर ढिली म्हणायचा, मग समोर व्याही असो नाहीतर कारखान्याचा मालक. रिकाम्या डब्यात काही आहे असं सांगणं त्याला किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. "तुम्ही इतके दिवस पाणी घातलंत ना," ते खाली बघून म्हणाले, "आता तो दिवा लावायचा नाही. पण गेलेला नाही. आहे तिथेच."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग मला म्हणाल्या, "च्या टाक गं. पावन्यांना पन दे."

त्या दिवसापासून आमच्या घरात एका देवासमोर चपला काढून नाही, घालून उभं राहायची पद्धत पडली. सासूबाई तुळशीला पाणी घालून आल्या की लुगडं बदलायच्या, हात कोरडे करायच्या, माझ्या रबरी चपला पायात चढवायच्या आणि डब्यासमोर आदल्या दिवशीची वाळलेली शेवंती ठेवायच्या. बाहेरच्या माणसाला हसू यायचं, त्यांना नाही. आणि सासूबाई तिथेच थांबतील तर त्या कसल्या. शेजारच्या घरी हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे मांडवभर पाणी, हळदीचे हात, आंब्याच्या डहाळीने शिंपडणं, आणि त्याच मांडवात डीजेच्या वायरी जमिनीवर लोळत असतात. सासूबाई मांडवात गेल्या, उघडा बोर्ड बघितला आणि पाण्याचा हंडा अडवून उभ्या राहिल्या. "आधी त्याला वर ठेव रं. झाकन घाल. त्याला पान्याचं वावडं हाय." डीजेवाल्याने कुरकुर केली, पण नवऱ्यामुलाची आजी म्हणाली, म्हातारी सांगतेय तर असंल काय तरी, आणि बोर्ड टेबलावर गेला, वर परात उपडी पडली. पुढे आमच्या आळीत कुणाकडे हळद, कुणाकडे गणपती, बायका आपणहून विचारायला लागल्या, अगं, त्याचं वावडं पाळलं का?

व्याह्यांना हे मी कौतुकाने सांगितलं. ते हसले, पण जरा खट्टू झाले. "बघा विहीणबाई," ते म्हणाले, "मी आयुष्यभर नियम नियम म्हणत बसलो. कुणी ढुंकून बघितलं नाही. आजी वावडं म्हणाल्या." आणि मग शेवईची वाटी पुढे ओढून गुमान खीर खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. झोपेतच गेल्या, वय झालं होतं, कुणाचा काही दोष नाही. एल्सीबाई अजून आहे, सकाळी पडत नाही. माझी अंघोळ आता निवांत होते. कधीकधी साबण लावून झाल्यावर मी उगीच एक क्षण थांबते, आता टक होईल म्हणून. होत नाही. इतकी सवय झाली होती मला त्या अंधाराची, हे मला माहीत नव्हतं.

या दसऱ्याला व्याही आले. पुजारी ना ते. हात आता कापतात, एसटीची पायरी चढताना मनीषाला दंड धरावा लागतो. खिशात टेस्टर आहेच. डब्यासमोर उभे राहिले, पायातल्या रबरी चपला नीट केल्या, पंच्याने हात कोरडे केले, मग पुन्हा एकदा केले. दार उघडलं, आतली धूळ कोरड्या फडक्याने पुसली, आपट्याचं पान ठेवलं. मी मागे उभी होते. त्यांना वाटलं असावं, कुणी बघत नाही. आधी टेस्टर लावल्याशिवाय कशालाही बोट न लावणाऱ्या त्या माणसाने टेस्टर खिशातच राहू दिला आणि एक बोट त्या तीन डोळ्यांवर टेकवून ठेवलं. आत तार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनीच काढली होती.

"काय हो व्याही, काय करताय?" मी विचारलं.

ते दचकले नाहीत. बोटही लगेच काढलं नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "झणझण येते का बघत होतो."